बँकॉकचं अळू

मीरा रोडला जमीन असते ती बिल्डरकडे. आम्हा उरलेल्यांकडे गॅलरी असते आणि तिला लोखंडी पिंजरा ठोकून ती हवेत दीड फूट पुढे नेलेली असते. त्या दीड फुटात आमची शेतीवाडी. हा सगळा पट्टा खाडीकाठचा, मिठागरांचा. त्यामुळे आमच्या आवारात रोपाला दोन ठिकाणी मूळ धरावं लागतं, खाऱ्या मातीत आणि सेक्रेटरींच्या मर्जीत. त्यातलं पहिलं एखाद्या रोपाला जमतंही.

तेव्हा जो तो कुंडीवाला. आमच्या शेजाऱ्यांकडे मनीप्लांट आहे. तो त्यांनी एका बँकेच्या शाखेतून कापून आणला, आणि हे ते आल्यागेल्याला चहाबरोबर सांगतात. मनीप्लांट विकत आणला तर लागत नाही, चोरूनच आणावा लागतो, असं आपल्याकडे थोरामोठ्यांचं मत आहे. माझ्या पुढच्या वर्तनाची मुळं या संस्कारात शोधावीत, अशी वाचकांना नम्र विनंती.

मला अॅग्लोनिमाचं वेड लागलं. लाल, गुलाबी, शेंदरी ठिपक्यांची पानं. घोडबंदर रस्त्याच्या कडेच्या नर्सरीत एका रोपाचा भाव ऐकून बायकोने विचारलं, "याला फूल येतं?"

"येतं, पण बघण्यासारखं नसतं."

"फळ?"

"तेही नाही म्हणा."

"मग पानं खातात का?"

"खाल्ली तर घसा खाजतो."

यावर ती काही बोलली नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की बाईमाणूस बोलायचं ते कुंडीकडे बघून मनातच बोलतं. नर्सरीवाल्याने मात्र जाता जाता माझ्या कानात विष ओतलं, "साहेब, हा माल बँकॉकचा. तिकडे हा भाजीच्या भावात."

पुढे कंपनीने डीलर लोकांची सहल बँकॉकला न्यायचं ठरवलं आणि सामानसुमान सांभाळायला मला बरोबर धाडलं. बँकॉकला जाऊन मी झाडं बघत होतो, यावर आजतागायत एकाही माणसाने विश्वास ठेवलेला नाही. पण ते खरं आहे. चाटुचाक नावाचा अवाढव्य बाजार आहे आणि तिथे बुधवार-गुरुवारी झाडांचा बाजार भरतो. डीलर मंडळी बुधवारी सकाळी पट्टायाच्या बसमध्ये बसली. मी पोट बिघडल्याचं सांगून मागे राहिलो आणि ती दिसेनाशी होताच चाटुचाक गाठलं.

विकणारी बाई हसतमुख होती. तिने रोपांच्या मुळांची माती नळाखाली खळखळून धुतली, मुळांना ओलं शेवाळ गुंडाळलं, वर वर्तमानपत्राची सुरळी केली आणि मला विचारलं, "पेपर? पेपर?" मी सुरळीकडे बोट दाखवून म्हणालो, "येस येस, पेपर." तिने परत विचारलं. मी परत सुरळी दाखवली. शेवटी ती हसली, मीही हसलो. ती कुठल्या पेपरबद्दल विचारत होती, ते मला मुंबईच्या विमानतळावर कळलं.

विमानतळावर दोन वाटा असतात. सांगण्यासारखं काही असेल तर लाल, नसेल तर हिरवी. माझ्याकडे हिरवी झाडं होती म्हणून मी हिरव्या वाटेने निघालो, असं मी नंतर विनोदाने सांगून पाहिलं. कोणी हसलं नाही. बॅग यंत्रातून गेली आणि पलीकडच्या साहेबांनी अतिशय सौम्यपणे ती उघडायला सांगितली. वरच टायगर बामच्या बाटल्या, त्याखाली बनियनमध्ये बनियन आणि त्यात सुरळ्या.

"हे काय?"

माणसाच्या तोंडून अशा वेळी जे निघतं त्यावर त्याचा ताबा नसतो. मी म्हणालो, "अळू."

"अळू?"

"हो. वडीचं."

साहेबांनी सुरळी उलगडली. आतून गुलाबी ठिपक्यांचं लालभडक पान बाहेर आलं. साहेब अस्सल मराठी निघाले, हे माझं दुर्दैव. "असलं अळू?"

"तिकडचं असंच असतं."

"अळूवड्यांसाठी तुम्ही बँकॉकहून अळू आणलंत? वसईत मिळत नाही का?"

मागे रांगेत आमचेच डीलर होते. त्यांच्यातला एकजण जोरात ओरडला, "बुधवारी हे कुठे गेले होते ते आत्ता कळलं!" आणि ती सगळी रांग, ज्यात आमच्याशी काडीचा संबंध नसलेली माणसंही होती, माझ्याकडे बघून मनसोक्त हसली.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण तेव्हा ती ऐकायला कोणी तयार नव्हतं. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने मी फार खोटं बोललो नव्हतो. अॅग्लोनिमा आणि अळू एकाच कुळातले, अॅरेसी कुळातले. घसा खाजवण्याचा गुणही दोघांचा सारखाच. पण कुळाचा आधार घेऊन सुटणारी माणसं वेगळी असतात.

मग झाडांची तपासणी करणाऱ्या बाई आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसापुढे मी गयावया करू शकतो, त्यात माझा हातखंडा आहे. पण त्यांनी एक पान हळूच मागे वाकवलं, देठ खोडाला जिथे मिठी मारतो त्या बेचक्यावर बोट ठेवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "बघा."

मला नुसत्या डोळ्यांना तिथे कापसाचा धागा अडकल्यासारखा वाटला होता. भिंगाखाली तो धागा चालत होता. लांबट, चपटा जीव, अंगावर तांदळाची पिठी भुरभुरावी तशी पांढरी पूड, कडेने मेणाच्या बारीक झालरी. शेजारी कापसाची एक पिशवी, फुगलेली, आणि तिच्या फाटक्या कडेतून पिवळट ठिपके. ती अंडी. एक ठिपका पिशवीपासून निघून देठावरून माझ्या अंगठ्याच्या दिशेने येत होता. त्याला पाय होते आणि त्याला घाई होती.

"पिठ्या ढेकूण," बाई म्हणाल्या. "एकेका पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात. काही जातींत नराचीही गरज पडत नाही. पिल्लं वाऱ्यावर जातात, मुंग्यांबरोबर जातात," आणि त्यांनी बॅगेकडे नजर टाकली, "बनियनमधूनही जातात."

मला त्या क्षणापासून जी खाज सुटली ती दहिसरचा नाका ओलांडेपर्यंत गेली नाही.

मग कायदा आला. बाहेरच्या किडी आणि रोग देशात येऊ नयेत म्हणून आपल्याकडे १९१४ पासून कायदा आहे आणि त्याखाली २००३ साली सविस्तर आदेश निघाला आहे. रोप आणायचं तर आधी इथून आयातीचा परवाना काढायचा. ज्या देशातून आणायचं त्या देशाच्या सरकारी खात्याने रोप तपासून ते निरोगी असल्याचा दाखला द्यायचा. मुळांना माती चालत नाही, कारण चमचाभर मातीतही सूत्रकृमी आणि बुरशीचे बीजाणू आरामात प्रवास करतात. काही रोपं तर आल्यावरही ठराविक काळ बाजूला, देखरेखीखाली वाढवावी लागतात. एवढं सांगून बाईंनी विचारलं, "यांतलं तुमच्याकडे काय आहे?"

मी म्हणालो, "बिल आहे."

बिल थाई लिपीत होतं. चाटुचाकची बाई "पेपर, पेपर" म्हणून ज्याची आठवण करून देत होती तो हा आरोग्याचा दाखला. तिला कायदा ठाऊक होता. अडाणी त्या बाजारात एकच होता आणि तो मीरा रोडचा होता.

रोपं नष्ट करण्यासाठी गेली. मला एक कागद सही करायला दिला. त्यात वस्तूच्या रकान्यात लिहिलं होतं, 'शोभेची रोपं (प्रवाशाच्या म्हणण्यानुसार अळू)'.

आता थोडं मागे जायला हवं. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने आपल्या हापूसला दार बंद केलं होतं. त्याआधीच्या वर्षात भारतातून गेलेल्या फळंभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी मी आमच्या सगळ्या ग्रुपवर जळजळीत मजकूर पाठवले होते. दीडशे वर्षं आमचं लुटून नेलं आणि आता आंब्यातली एक अळी सोसत नाही, वगैरे. बंदी पुढल्या जानेवारीत आंब्यापुरती उठली, आपणही निर्यातीची तपासणी कडक केली. ते मी कोणाला पाठवलं नाही, कारण त्यात चिडण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेला हापूस जाऊ लागला २००७ साली, तोही लासलगावला किरणांचा मारा खाऊन, म्हणजे कोयीतला भुंगा आणि फळमाशी पुढे वंश वाढवणार नाहीत अशा अवस्थेत. आणि युरोपच्या त्या बंदीच्या यादीत हापूसबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि होय, अळूसुद्धा होतं. खरंखुरं, वडीचं. त्या बिचाऱ्या अळूवर अन्याय झाला म्हणून मी गळा काढला होता, आणि त्याच्याच नावाने खोटा पासपोर्ट मीच काढला.

घरी आल्यावर बायकोने कागद वाचला, घडी करून देवघराच्या खणात ठेवला आणि त्या रविवारी अळूचं फदफदं केलं. पुढच्या रविवारी वड्या.

पकडला गेलेला माणूस दोन प्रकारे वागतो. शहाणा गप्प बसतो. मी वाचायला लागलो. आणि वाचलं ते लिफ्टमध्ये सांगायला लागलो, कारण लिफ्टमधून माणसाला मधेच उतरता येत नाही.

उदाहरणार्थ, १९०६ साली अमेरिकेतून येणाऱ्या कापसाच्या गाठींना धुरी देणं सरकारने सक्तीचं केलं, कारण तिकडे कापसाच्या बोंडावरच्या सोंड्याने शेतकरी देशोधडीला लावले होते. तो सोंड्या आजवर इकडे आलेला नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला संकटं कमी नाहीत, पण निदान हे एक तरी आलं नाही. न आलेल्या किडीची बातमी होत नाही, तिच्यावर अनुदानही मिळत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत एवढं सांगून व्हायचं.

सातव्या मजल्याच्या माणसाला द्राक्षाची गोष्ट पुरायची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून हौसेने नेलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाचा बारीकसा कीटक फ्रान्समध्ये उतरला आणि त्याने मुळं शोषून द्राक्षबागा उजाड केल्या. शेवटी फ्रेंचांना आपली वेल अमेरिकन खुंटावर बांधावी लागली, कारण त्या मुळांना कीटकाची सवय होती. आपल्या नाशिककडेही द्राक्ष डॉगरिज नावाच्या अमेरिकन खुंटावर बांधतात, अर्थात ते खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. इथवर येईतो सातवा मजला येई आणि माणूस पळून जाई.

या सगळ्या वाचनात मला एक गोष्ट बोचत राहिली. मी समजत होतो की अशा आपत्ती बेफिकीर व्यापारी आणतात, शत्रुराष्ट्रं आणतात. काही तशा आल्याही असतील. गाजर गवत अमेरिकेच्या गव्हातून आलं असं सगळेच सांगतात, पुण्यात ते पहिल्यांदा १९५५ च्या सुमारास नजरेत आलं, आणि नाव मात्र काँग्रेसला चिकटलं. पण घाणेरी? बागेत शोभेला. जलपर्णी, जिच्यापायी आपल्या नद्यांची मैदानं झाली? जांभळं फूल सुंदर दिसतं म्हणून. आणि पावसाळ्यात आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढणारी ती मुठीएवढी गोगलगाय? विल्यम बेन्सन नावाचा कंपनी सरकारातला अधिकारी शंखशिंपल्यांचा नादी होता. त्याने १८४७ साली मॉरिशसहून या आफ्रिकन गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगीतल्या बागेत सुटल्या. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात खाल्ली, ती याच घराण्यातली. एका माणसाची हौस, तिचं बिल पावणेदोनशे वर्षांनी औशाच्या शेतकऱ्याला. आपण म्हणतो हौसेला मोल नाही. असतं, ते दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

आणि आपणही काही सोवळे नाही. जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण मूळचा आपल्या बाजूचा. तो १९९४ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात निघाला आणि तिथली झाडं त्याने पार पिळून काढली. तिकडेही एखाद्या सोसायटीत कोणीतरी भारताच्या नावाने बोटं मोडली असतील.

तर अशा ज्ञानाने तुडुंब भरून मी सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलो. ऐनवेळच्या विषयांत मी सुचवलं की आपल्या इमारतीत येणारं प्रत्येक रोप गेटवर तपासावं आणि काही दिवस वेगळं ठेवावं. देशाच्या दारावर जे चालतं ते सोसायटीच्या दारावर का चालू नये? समोसे आले होते. ठराव एकमताने मंजूर झाला. समितीत एकच सभासद होता, आणि तो मीच.

मुंबईत या कामाचं मोठं सरकारी केंद्र शिवडीला, हाजी बंदर रोडवर आहे. आमचं केंद्र जुन्या पंपरूममध्ये उघडलं. वॉचमनला मी एक भिंग दिलं, एक रजिस्टर दिलं आणि दोन तास शिकवलं. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, खवले कीड, भुरी, करपा. तो आझमगडचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहब, धनिया का क्या करना है?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. कोथिंबीर, पुदिना मुळासकट येतात. उत्तनची बाई टोपलीभर ताजी भाजी घेऊन येते आणि ती गेटवर अडवली तर ती जे बोलते ते रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही. मी भाजीला सूट दिली. मग गुलाबाच्या गजऱ्याला दिली, कारण तो चेअरमनसाहेबांच्या मातोश्रींसाठी होता. कायद्याला भोकं पाडण्याची माझी गती बघून मलाच कौतुक वाटलं.

रात्री मी टॉर्च घेऊन कंपाउंडमध्ये गोगलगायी वेचायचो आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाकायचो. वॉचमन खुर्चीवरून बघत असे. एकदा सकाळी रजिस्टर उघडलं तर त्याने प्रामाणिकपणे नोंद केलेली होती, 'गोगलगाय, बहुत. इन टाइम: रात. आउट टाइम:' आणि पुढे रिकामं.

सेक्रेटरींशी बिनसलं ते लकी बांबूवरून. त्यांच्या ऑफिसात टेबलावर काचेच्या वाडग्यात तो उभा असतो. २००१ मध्ये चीनमधून बोटीने पाण्यात उभा राहून गेलेल्या लकी बांबूंबरोबर एशियन टायगर डास कॅलिफोर्नियाला पोचला, हे वाचून मी तडक त्यांच्याकडे गेलो आणि बांबू ताब्यात मागितला. ते म्हणाले, "हा डास इथे नसतो का?" मी घरी येऊन बघितलं. तो डास मूळचा आपल्या आशियातलाच, पांढऱ्या पट्ट्यांचा, माझ्याच हातावर त्या क्षणी बसलेला. पण तोवर मी सेक्रेटरींना नोटीस दिलेली होती.

खरी फजिती पंपरूमची. बाहेरून आलेली रोपं मी तिथे ओळीने मांडत गेलो. कोणाची जास्वंद, कोणाची तुळस, कोणाचं जर्बेरा, कोणाची कुंडीतली पपई. जागा अंधारी, दमट, वाऱ्याला वाट नाही. काही दिवसांनी एका जास्वंदीच्या शेंड्याकडे मुंगळ्यांची रांग लागलेली दिसली. मुंगळे पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा खायला येतात आणि मोबदल्यात त्याला राखतात, इकडून तिकडे उचलूनही नेतात. रांग जास्वंदीवरून निघून पपईवर, तिथून जर्बेऱ्यावर, असं सगळं गाव फिरत होती. पानांवर चिकटा सांडलेला, चिकट्यावर काळी काजळी धरलेली. वेगळं ठेवायचं म्हणजे एकमेकांपासूनही वेगळं ठेवायचं, ही शिवडीतल्या शिपायालाही ठाऊक असलेली गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. तापाचा, खोकल्याचा, खरजेचा पेशंट एकाच खाटेवर निजवून मी बाहेर 'शांतता राखा'ची पाटी लावली होती. निरोगी रोपं आत यायची आणि घरी जाताना पाहुणे घेऊन जायची. आमच्या इमारतीत ती कीड आधी दोन-तीन गॅलऱ्यांत असेल. माझ्या समितीने ती घरपोच केली.

हे बाहेर फुटायच्या आत गणपती आले. आणि तेव्हा मला उमगलं की मराठी माणसाचा वर्षभराचा धर्म म्हणजे गेटमधून वनस्पती आत आणणं. पाडव्याला कडुनिंब आणि आंब्याचे डहाळे, वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या, श्रावणात बेल, दसऱ्याला आपटा, तुळशीच्या लग्नाला ऊस. गणपतीला तर जंगलच. एकवीस पत्री, दुर्वांच्या जुड्या, केवडा, केळीचे खांब, पाठोपाठ तेरड्याच्या गौरी. हे सगळं कुठून येतं, कोणी तोडलं, कोणत्या ओढ्याकाठचं, कोणाला पत्ता नसतो. स्टेशनबाहेर वाटा लावलेला असतो, आपण पिशवी उघडतो.

चतुर्थीच्या सकाळी पाऊस धरून होता. तिसऱ्या मजल्याच्या काकूंची मूर्ती टेंपोत, वर प्लास्टिक, पुढे ताशा, मागे नातवंडं, आणि गेटवर वॉचमन केळीचे खांब आडवे धरून भिंगातून बघत उभा. मी शिकवलं होतं तसं तो एकेक पान उलटत होता. काकू छत्रीखालून म्हणाल्या, "काय हो, बाप्पाला पण पंपरूममध्ये ठेवणार का?" ताशा थांबला. गॅलऱ्यांच्या पिंजऱ्यांतून सगळी इमारत खाली बघत होती. मी पुढे होऊन वॉचमनच्या हातून भिंग घेतलं आणि "मोरया" म्हणालो. त्या संध्याकाळी आरतीला लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते, जरा जास्तच जोरात.

अनंत चतुर्दशीनंतर विशेष सभा झाली. समोसे नव्हते, त्यावरून मी काय ते ओळखलं. समिती बरखास्त झाली, पंपरूम धुऊन काढायचं ठरलं, आणि सेक्रेटरींनी आनंदाने वाचून दाखवलेल्या ठरावानुसार प्रत्येक बाधित कुंडीची जबाबदारी माझ्यावर आली.

तेव्हापासून मी रविवारी घरोघर जातो. हातात स्पिरिटची बाटली, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, साबणाच्या पाण्याचा फवारा. एकेक बेचकं पुसायचं, चिकट पानं फवाऱ्याने धुवायची, फार गेलेला शेंडा छाटून पिशवीत बांधायचा. काम सोपं आहे, संपत मात्र नाही. लोक चहा देतात, बिस्किट देतात आणि खुर्ची ओढून समोर बसतात. "तिकडे राहिला बघा एक, देठाखाली." सेक्रेटरी तर आपला लकी बांबूही पुसायला देतात.

काकूंकडे परवा पपई पुसत होतो. त्यांनी विचारलं, "आलेली कीड परत जाते का हो कधी?" इतक्या दिवसांनी आपणहून कोणी विचारलं, मी सुटलोच. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्याकडे तो २००८ साली कोइमतूरला सापडला आणि बागाच्या बागा पांढऱ्या झाल्या. औषधं त्याच्या मेणावरून ओघळून जायची. मग बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याचे खास वैरी मागवले, मुंगीपेक्षा लहान अशा गांधीलमाश्यांच्या तीन जाती. त्या या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात आणि त्याला आतून पोखरतात. तपासून, बंदिस्त वाढवून, खात्री पटल्यावरच सोडल्या. बागा सावरल्या.

काकू एकाग्रतेने ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे बाहेरून आणता येतं तर."

"परवानगीने, काकू. सगळे कागद करून."

"तेच म्हणते मी." त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली. "लेक दिवाळीला येतेय हॉलंडहून. ट्युलिपचे कांदे आणतेय. फार नाहीत. बटाट्यांत मिसळून आण म्हटलंय."

"काकू, बटाटेही चालत नाहीत. बटाट्याबरोबरच तर—"

"बरं, मग लसणात. तुमची तिथे ओळख आहे ना? एकदा पकडले गेलात म्हणजे त्या बाईंच्या लक्षात असणारच. नुसतं सांगा, अळूवाल्यांच्या ओळखीतली आहे म्हणून."

मी कापसाची काडी खाली ठेवली, घसा साफ केला, १९१४ च्या कायद्यापासून सुरुवात करावी म्हणून तोंड उघडलं, आणि विचारलं, "रंग कुठले आहेत?"